‘सहा महिन्यांचा पैसा’ : मालमत्तेच्या व्यवहारातील ब्रिज लोन समजून घेताना

मालमत्तेच्या व्यवहारात दलाली करणारी, प्लॉट दाखवणारी, जुने फ्लॅट विकून देणारी तरुण मुले आता जवळपास प्रत्येक वस्तीत भेटतात. आपल्या समाजातील पदवीधर मुलेही त्यात पुष्कळ आहेत. नोकरभरती रखडलेली, कंत्राटी कामात महिन्याला बारा-पंधरा हजार हातात पडतात, आणि ओळखीच्या कुणाला तरी एका व्यवहारात चाळीस हजारांची दलाली मिळालेली डोळ्यांनी पाहिलेली असते. मग पुढची पायरी आपोआप सुचते. दलाली कशाला, व्यवहारच आपण करू. घर घ्यायचे, रंगरंगोटी करायची, सहा महिन्यांत विकायचे. आणि पैसे? ‘ब्रिज करून घेऊ.’

हा शब्द हल्ली आमच्या कानावर वारंवार पडतो. पण तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा अर्थ नीट सांगता येतो. म्हणून त्यावर सविस्तर लिहिणे गरजेचे वाटले. धंदा करू नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. आपल्या माणसांच्या हाती भांडवल आणि मालमत्ता यायलाच हवी. प्रश्न आहे तो उसन्या पैशाच्या मुदतीचा, आणि ती मुदत संपल्यावर कुणाचे घर पणाला लागते याचा.

ब्रिज लोन म्हणजे दोन व्यवहारांमधले अंतर भरून काढणारे अल्प मुदतीचे कर्ज. एक रक्कम आज द्यायची आहे, दुसरी काही महिन्यांनी हातात येणार आहे. मधल्या काळापुरते दुसऱ्याचे पैसे वापरायचे. गृहकर्ज देताना बँक तुमचा पगार पाहते, कारण परतफेड पगारातून पंधरा-वीस वर्षे हप्त्याने होणार असते. ब्रिज लोन पगारातून फिटत नाही. दरमहा फक्त व्याज भरायचे आणि मुद्दल शेवटी एकरकमी द्यायचे. ती एकरकमी रक्कम एका ठरावीक घटनेतून यायची असते : जुने घर विकले जाणे, मोठे कर्ज मंजूर होणे, किंवा घेतलेली मालमत्ता पुन्हा विकली जाणे. म्हणून या कर्जात व्याजदराच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो. ती घटना वेळेत घडली नाही तर पैसे कुठून आणणार?

या प्रश्नाला लेखी उत्तर नसेल तर त्या कर्जाला ब्रिज म्हणण्यात अर्थ नाही. पलीकडचा काठच ठरलेला नसेल, तर पूल कुठे टेकणार?

ही पद्धत अमेरिकेत फार रुळलेली आहे आणि आपल्या मुलांच्या मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंचे मूळ तिथेच आहे. पडके घर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, एवढाच धंदा करणारे लोक तिथे आहेत आणि त्यांना सहा महिने ते वर्ष-दीड वर्षाच्या मुदतीने पैसे देणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत. व्याज नेहमीच्या गृहकर्जापेक्षा बरेच जास्त, शिवाय सुरुवातीलाच कर्जाच्या रकमेवर एक-दोन टक्के किंवा त्याहून अधिक शुल्क. तिथे हे जमते त्याला कारणे आहेत. मालकीहक्काचा विमा मिळतो, आणि खरेदी-विक्रीचे काम काही आठवड्यांत उरकू शकते. व्हिडिओ करणारा हे सांगत बसत नाही, कारण त्याच्या प्रेक्षकाला ते ठाऊकच असते. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे मयत आजोबांचे नाव जाऊन वारसनोंद व्हायला किती महिने लागतात, ते तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या कुणालाही विचारा.

आणि तिथेही ते नेहमी जमतेच असे नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ च्या मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली. शून्याच्या जवळ असलेला दर २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. बदलत्या दराचे अल्प मुदतीचे कर्ज काढून ज्यांनी भाड्याच्या मोठ्या इमारती घेतल्या होत्या, त्यांचे व्याज वाढत गेले आणि भाडे मात्र तेवढे वाढले नाही. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात २०२३ च्या एप्रिलमध्ये एकाच गुंतवणूकदार कंपनीची चार निवासी संकुले, म्हणजे तीन हजारांहून अधिक घरे, लिलावात गेली. इमारती जागच्या जागी होत्या, भाडेकरूही राहत होते. कर्ज मात्र अल्प मुदतीचे आणि बदलत्या व्याजाचे होते.

आपल्या देशातले उदाहरण तर आणखी जवळचे आहे. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस हा मोठा वित्तसमूह कर्जफेडीत चुकला आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना मिळणारा अल्प मुदतीचा पैसा एकाएकी आटला. या संस्था काही महिन्यांच्या मुदतीने पैसे उचलत आणि बिल्डरांना व घर घेणाऱ्यांना ते काही वर्षांच्या मुदतीने देत. जुने कर्ज नव्याने फेडायचे, हा नित्यक्रम. नवे मिळेना तेव्हा सगळेच अडले. डीएचएफएल ही गृहकर्ज क्षेत्रातील कंपनी २०१९ मध्ये थकबाकीत गेली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्याच महिन्यात केंद्र सरकारला रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी २५,००० कोटी रुपयांच्या निधीची घोषणा करावी लागली. हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या, सनदी लेखापालांची फौज बाळगणाऱ्या संस्थांचे थोड्या मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला लावण्याचे गणित चुकले. मग चार मित्रांनी व्हॉट्सअॅपवर मांडलेल्या गणिताकडे किती बारकाईने पाहायला हवे, याचा अंदाज येईल.

बँका काय देतात, काय देत नाहीत

आधी चांगली बाजू. ब्रिज लोन हे बँकांचेही अधिकृत उत्पादन आहे. काही बँका आणि गृहवित्त कंपन्या ते साधारण दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीने देतात, पण ते ज्याचे स्वतःचे घर आहे आणि ते विकून दुसरे घ्यायचे आहे, अशा माणसासाठी. समजा, उल्हासनगरातील वन रूम किचन विकून एखादे कुटुंब बदलापूरला दोन खोल्यांचे घर घेत आहे. जुन्या घराला गिऱ्हाईक मिळाले आहे, विसार घेतला आहे (काही भागांत त्याला इसार म्हणतात), पण त्या गिऱ्हाइकाचे कर्ज मंजूर व्हायला चार महिने लागणार. इकडे नव्या घराचा मालक थांबायला तयार नाही. अशा वेळी १५ लाख रुपये चार महिन्यांसाठी, महिन्याला एक टक्का व्याज धरले तरी, ६०,००० रुपयांत पडतात. हातचे घर जाण्यापेक्षा किंवा दिलेला विसार बुडण्यापेक्षा हा खर्च रास्त आहे. जुने घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल, तर ते विकण्याच्या आधी एक वर्ष किंवा विकल्यानंतर दोन वर्षांच्या आत नवे घर घेतल्यास, त्यात गुंतवलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याच्या करातून सूटही मिळू शकते. म्हणजे ब्रिज लोनमुळे व्यवहाराचा क्रम बदलला तरी कर वाचू शकतो. या उपयोगावर आमची काहीच हरकत नाही. उलट अडचणीतल्या कुटुंबांना हा पर्याय माहीत नसतो आणि ती थेट सावकाराच्या दारात जातात.

बँक जे देत नाही तिथून अडचण सुरू होते. घर घेताना बँक पूर्ण किंमत देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सर्वसाधारणपणे त्या किमतीत धरली जात नाही. ४० लाखांच्या घराला ३२ लाख मिळाले, तर वरचे ८ लाख आणि पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ८० हजार स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. खाजगी पैसा शिरतो तो या फटीतून. मोकळ्या जमिनीच्या बाबतीत ही फट आणखी रुंद आहे. खाजगी बिल्डरला निव्वळ जमीन घेण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक राहिलेला आहे. त्यामुळे जमिनीच्या व्यवहारात सुरुवातीचा पैसा बहुतेक वेळा बँकेबाहेरचाच असतो आणि महागही असतो.

आता ‘घ्या, रंगवा, विका’ या कल्पनेचा हिशेब मांडू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण कुणीही ते आपल्या शहराप्रमाणे बदलून पाहावेत. पिंपरीतला जुना फ्लॅट ४० लाखांना मिळतो आहे आणि दलाल म्हणतो, सहा महिन्यांत ४८ लाखांना जाईल. मित्रांकडे मिळून १० लाख आहेत; ३० लाख खाजगी माणसाकडून शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला ६०,००० व्याजाने. वरवर पाहता नफा ८ लाख. आता खर्च धरू. मुद्रांक शुल्क २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३०,०००. घेताना दलाली एक टक्का, ४०,०००. दुरुस्ती आणि रंग २ लाख. पैसे देणाऱ्याने आधीच कापलेले दोन टक्के ‘प्रोसेसिंग’, ६०,०००. सहा महिन्यांचे व्याज ३ लाख ६० हजार. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५,०००. सहा महिन्यांचा मेंटेनन्स १८,०००. विकताना पुन्हा एक टक्का दलाली, ४८,०००. बेरीज १० लाख ६१ हजार. म्हणजे फ्लॅट सांगितलेल्या भावाने, सांगितलेल्या मुदतीत विकला गेला तरी २ लाख ६१ हजारांचा तोटा! आणि विक्रीला वर्ष लागले तर आणखी ३ लाख ७८ हजार वाढून तोटा ६ लाख ३९ हजारांवर जातो.

खरेदीखत आपल्या नावावर न करता नुसत्या साठेखतावर पुढे विकले तर मुद्रांक शुल्क वाचेल, असा सल्ला लगेच मिळतो. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या आधारे मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा कागदावर उभ्या असलेल्या माणसाकडून घ्यायला चांगला गिऱ्हाईक बिचकतो, त्याची बँक तर नकारच देते. आणि जो घेतो तो भाव पाडून घेतो. नफा झालाच तर तो दोन वर्षांच्या आतला असल्याने अल्पकालीन धरला जातो आणि उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे त्यावर कर लागतो. व्हिडिओत यातले काहीच नसते.

या धंद्यात कमावणारे नाहीत का? आहेत. ते स्वतःचा पैसा घालतात, बाजारभावापेक्षा बरेच खाली पडलेले घर उचलतात, आणि वर्षभर विकले नाही तरी ज्यांच्या घरची चूल बंद पडत नाही, असे ते लोक आहेत. थांबण्याची ताकद हेच त्यांचे भांडवल. समाजशास्त्राच्या वर्गात सामाजिक भांडवलाची चर्चा आम्ही खूप केली, पण तिचा अर्थ या व्यवहारांत जितका लख्ख दिसतो तितका पुस्तकात दिसला नव्हता. संकटात पाच लाख बिनव्याजी देणारा मामा ज्याला आहे तो आणि ज्याचा मामा स्वतःच नाका कामगार आहे तो, दोघे एकाच व्याजाने कर्ज घेतात, पण दोघांचा धोका एक नसतो.

कागद कोणता, यावर सगळे अवलंबून

खाजगी ‘ब्रिज’ देणारा माणूस तारण मागतो. तारण म्हणून बहुतेक वेळा घेतलेला फ्लॅट नव्हे, तर आईच्या नावावरचे घर किंवा गावाकडची जमीन पुढे केली जाते. याबाबतचा कायदा फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

गहाणखत झाले तर मालकी तुमचीच राहते. देणेकरी परस्पर घर ताब्यात घेऊ शकत नाही. खाजगी माणसाला त्यासाठी सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायालयात जावे लागते. आणि पैसे परत करून मालमत्ता सोडवून घेण्याचा तुमचा हक्क दीर्घकाळ जिवंत असतो. त्याची मुदत कायद्याने तीस वर्षांची आहे. हे सावकाराला चांगले माहीत असते. म्हणून तो गहाणखत टाळतो आणि म्हणतो, ‘नोंदणीकृत खरेदीखत करून दे, पैसे दिलेस की उलट करून देतो.’ काही भागांत याला मुदतखरेदी म्हणतात. यातली मेख अशी, की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(क) मधील परंतुकाप्रमाणे, परत करून देण्याची अट जर त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. वेगळ्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेले वचन, साक्षीदारांसमोर घेतलेली शपथ, यांनी तो गहाण ठरत नाही. कागद म्हणतो विक्री, म्हणून ती विक्री. हा व्यवहार नावापुरताच होता आणि मुळात कर्जच होते, हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असे न्यायालयांनी काही प्रकरणांत मान्य केले आहे. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात, आणि तोपर्यंत घरात दुसराच माणूस राहायला आलेला असतो.

तेव्हा आमचा आग्रह एवढाच : तारण द्यायचेच असेल तर नोंदणीकृत गहाणखत करा, त्यात मुद्दल, व्याज आणि मुदत लिहा. ‘खरेदीखत फक्त फॉर्मॅलिटी आहे’ असे कुणी म्हणाले, तर तिथून उठा.

दुसरा कागद कोऱ्या चेकचा. सही करून कोरा चेक दिला आणि समोरच्याने रक्कम आपल्या मनाने भरली, तर तो चेकच अवैध ठरतो, असा एक गोड गैरसमज आहे. सही केलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने तपशील भरला, एवढ्यानेच सही करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि देणे नव्हते हे दाखवण्याचे ओझे चेक देणाऱ्यावर येते. सरकारी नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या मुलाने असे पाच चेक देऊन ठेवायचे म्हणजे काय, याचा विचार त्याने आणि त्याच्या घरच्यांनी करावा. रोखीचेही तसेच. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज किंवा स्थावर मालमत्तेसाठीची आगाऊ रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. बँकेतून घेतलेल्या पैशाला पुरावा असतो, तो पुढे तुमच्याच कामी येतो.

व्याजाच्या बाबतीत महाराष्ट्रात कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारासाठी शासनाने त्या वर्षी ठरवलेले दर असे : शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. हे दर वर्षाचे आहेत. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४ टक्के आणि शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. महिन्याचा आकडा लहान वाटावा म्हणूनच तो महिन्याने सांगितला जातो. मात्र चेकसारख्या दस्तावर दिलेली मोठी रक्कम या कायद्यातील कर्जाच्या व्याख्येतून निसटू शकते. चेकचा एवढा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण असते.

वतनाच्या जमिनी आणि बाहेरून आलेला पैसा

आपल्या समाजाला या विषयात एक वेगळी, जुनी दुखरी बाजू आहे. महार वतनाच्या जमिनी. वतन हे गावकीच्या वेठीचे साधन आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने ही वतने संपली आणि जमिनी मूळ वतनदारांना नवीन व अविभाज्य शर्तीवर परत दिल्या गेल्या. सातबाऱ्यावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात. बिगरशेती वापरासाठी त्या द्यायच्या तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि साधारणपणे बाजारमूल्याच्या निम्म्याइतका नजराणा शासनाला भरावा लागतो.

शहरे वाढली आणि एके काळी गावकुसाबाहेरच्या या जमिनी महामार्गाला लागल्या. भाव कोटींत गेला. पण वारसांकडे नजराणा भरायला पैसे नाहीत आणि वर्ग २ ची जमीन विनापरवानगी गहाण घ्यायला बँक तयार नाही. इथे तोच ब्रिजचा पैसा उलट बाजूने येतो. गुंतवणूकदार म्हणतो, नजराणा मी भरतो, परवानगीचे काम मी करतो, तुम्ही फक्त विकसन करारावर आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या करा. चाळीस-पन्नास वारसांना प्रत्येकी काही हजार विसार म्हणून मिळतात. जोखीम त्याच्या पैशाची असल्याने नफ्याचा मोठा वाटा त्याचा, असा युक्तिवाद असतो. तो ऐकायला रास्त वाटतो. पण त्याचा पैसा वर्षा-दोन वर्षांसाठी अडकतो आणि वारसांची जमीन कायमची जाते. दोन जोखमी एका तराजूत घालता येत नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला आणि त्याची चौकशी लागली, तेव्हा अनेक गावांत लोकांनी पहिल्यांदा आपापले जुने फेरफार काढून पाहिले. हे काम बातमी येण्याची वाट न पाहता करायला हवे.

अशा जमिनींत ‘इन्व्हेस्ट’ करायला निघालेल्या आपल्याच मुलांनाही हे लागू आहे. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार शर्तभंगात जातो. पुढचा गिऱ्हाईक बँकेचे कर्ज काढू शकत नाही, म्हणजे आपला मुद्दल फेडणारी घटना घडूच शकत नाही, आणि तोवर व्याज चालूच राहते.

प्लॉटिंगच्या धंद्यात आणखी एक भूमिका कार्यकर्त्यांच्या वाट्याला येते. ज्याच्या शब्दाला वस्तीत मान आहे, जयंतीच्या मंडळात जो पुढे असतो, महिला बचत गटांच्या बैठका जो घेतो, त्याला गाठून सांगितले जाते, ‘तुला पैसे घालायचे नाहीत, फक्त माणसे जोड, सहा महिन्यांत दीडपट.’ मग भिशीचे, बचत गटाचे, कधी विहाराच्या बांधकामासाठी साठवलेले पैसे एका व्यवहाराचा ‘ब्रिज’ म्हणून दिले जातात. लोकांकडून परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणे हे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्याखाली गंभीर गुन्हा ठरू शकतो. पैसे कुणाच्या खात्यात गेले हे जसे पाहिले जाते, तसे ते कुणाच्या शब्दावर गोळा झाले हेही पाहिले जाते. मुख्य माणूस फोन बंद करून निघून जातो. ज्याचे घर त्याच गल्लीत आहे, त्याला जायला जागा नसते. बचत गटाच्या खात्यातील रक्कम तर मुळात बायकांनी शंभर-दोनशेने जमवलेली असते आणि बऱ्याचदा तिच्यावर बँकेचे कर्जही असते. तिला हात लावणाऱ्याला आम्ही उद्योजक म्हणणार नाही.

आता ज्यांचे पाऊल आधीच पडले आहे त्यांच्यासाठी. मुदत संपायच्या महिनाभर आधीच बोलणी सुरू करा. मुदतवाढ तोंडी नको, लेखी घ्या आणि तिचा दर काय ते त्यात लिहून घ्या. दिलेल्या प्रत्येक व्याजाची नोंद बँक व्यवहारात ठेवा. कर्ज बँकेचे किंवा मोठ्या वित्तसंस्थेचे असेल आणि ९० दिवसांहून अधिक थकले, तर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिसीला उत्तर द्यायचे असते. ती कपाटात ठेवायची नसते. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या. अवैध सावकारीतून मालमत्ता गेली आहे असे चौकशीत आढळले, तर ते खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. तक्रारीसोबत व्याज भरल्याचे बँकेचे उतारे, फोनवरचे संदेश, आणि घराचा ताबा अजून तुमच्याकडेच असेल तर वीजबिल व घरपट्टीच्या पावत्या जोडा. विक्री झाली होती तर ताबा का दिला नाही, हा प्रश्न चौकशी अधिकाऱ्याला त्या पावत्यांवरूनच पडतो.